नवा बर्फ पडला की उतारावर जायचं का, हे कसं ठरवायचं

हिमस्खलनाचं पहिलं प्रशिक्षण करून आलेली मंडळी वादळ ओसरलं की बर्फाचे थर तपासायला लगेच फावडं काढून खड्डा खणायला घेतात. मी त्यांना आधी थांबवतो. उताराबद्दलचं बरंच काही खणण्याआधीच कळतं, आणि खड्डा जे सांगत नाही तेही त्यात असतं.

पहिला प्रश्न वाऱ्याचा. रात्रीत किती बर्फ पडला हे सगळेच विचारतात. 24 तासांत 30 सेंटिमीटर पडला असेल तर सावध व्हायलाच हवं. पण जोराचा वारा असेल तर एका अंगाचा बर्फ उचलून तो धारेपलीकडच्या आडोशाच्या उतारावर नेऊन टाकतो, आणि तिथे आभाळातून पडला त्याच्या कितीतरी पट साचतो. हा थर दाबून बसलेला असतो. पायाखाली घट्ट लागतो, काठी आपटली तर कधी कधी पोकळ वाजतो. नवख्यांना त्या घट्टपणाचा भरवसा वाटतो, आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटते. कारण असा एकसंध थर, म्हणजे स्लॅब, सुटतो तेव्हा अख्खाच्या अख्खा सुटतो.

स्लॅब मुख्यतः 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात. स्कीइंगची खरी मजाही याच उतारांवर, म्हणून मोह होतो. कोन डोळ्याने जोखू नका, क्लिनोमीटर, म्हणजे कोन मोजायचं साधन, लावा. डोक्यावरचा उतारही मोजा. बर्फाखाली कच्चा, म्हणजे वजन न पेलणारा कमकुवत थर असेल तर तुम्ही सपाटीवरून चालत असतानाही वरचा उतार सुटू शकतो.

चालताना कान उघडे ठेवा. पायाखालून 'हुम्फ' असा दबका आवाज येतो, आजूबाजूचा बर्फ किंचित खाली बसतो, आणि स्कीच्या टोकापासून केसाएवढी भेग सरसर पुढे पळते. कच्चा थर तुमच्या वजनाने मोडला, असा याचा अर्थ. हे झालं की खड्डा खणायची गरजच उरत नाही, उभे उतार त्या दिवसापुरते सोडून द्यायचे. शेजारच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं तरी तेच.

असं काही दिसलं नाही तर खणा, पण सुरक्षित जागी. खड्ड्याच्या भिंतीवरून बोट वरून खाली ओढत या. मध्येच ते सहज आत गेलं तर तिथले दाणे हातात घ्या. साखरेसारखे सुटे असतील, दाबूनही गोळा होत नसेल, तर हाच तो कच्चा थर. बर्फ पातळ असताना थंडी कडक पडली की असे दाणे तयार होतात आणि पुढे कित्येक आठवडे तसेच राहतात. मग 90 सेंटिमीटर लांब, 30 सेंटिमीटर रुंद बर्फाचा खांब मोकळा करा, एका टोकावर फावड्याचं पातं ठेवा आणि ठोके द्या: 10 मनगटातून, 10 कोपरातून, 10 खांद्यातून. कितव्या ठोक्याला भेग पडली यापेक्षा ती त्याच किंवा पुढच्या ठोक्याला दुसऱ्या टोकापर्यंत पळाली का, हे महत्त्वाचं. पळाली तर परत फिरा. नाही पळाली म्हणून उतार सुरक्षित ठरत नाही, थोड्या अंतरावर थराची जाडी वेगळी असू शकते. म्हणून वाऱ्याने किंवा कोनाने नकार दिलेला उतार मी खांबाच्या भरवशावर कधीच चढत नाही.

हिमस्खलनाचा अंदाज निघत असेल तर तो आधी वाचा. धोक्याच्या पाच पातळ्यांपैकी तिसरी ही मधली म्हणून चालेल, असं धरू नका. त्या पातळीवर एकट्या माणसाच्या वजनानेही उतार सुटू शकतो, आणि बहुतेक बळी स्वतःच्या किंवा साथीदाराच्या वजनाने सुटलेल्या स्खलनातलेच असतात.

ट्रान्सीव्हर (पुरलेल्या माणसाचा ठाव लावणारं संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवंच. पुरलेल्या माणसाची जगण्याची शक्यता साधारण 10 मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, त्यामुळे बाहेरून मदत येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. संशयाची जागा एकेकाने ओलांडा, बाकीच्यांनी आडोशाला थांबून नजर ठेवा.

वादळानंतरचे पहिले एक-दोन दिवस 30 अंशांच्या आतले आणि वर उभा उतार नसलेले मार्ग घ्या. कच्चा थर सापडला असेल तर त्याहून जास्त दिवस. आणि ऊन तापून उतारावरून बर्फाचे गोळे घरंगळायला लागले, तर डबा नंतर खा, आधी तिथून निघा.