काळविटांच्या माळावर दिवसभर बसायचंय? मग आदल्या संध्याकाळीच तयारी करा

काळविटाची शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे. त्यामुळे ही तयारी डोळ्यांनी आणि कॅमेऱ्यानं टिपणाऱ्यांसाठी. सोलापूरजवळच्या नान्नजच्या बाजूला बसून मला एक गोष्ट पक्की कळली: कळप बिथरतो तो आपल्या बसण्यानं नाही, येण्या-जाण्यानं. म्हणून पहाटे अंधारात एकदा यायचं, दिवस मावळल्यावर एकदा उठायचं. मधे उठायची वेळच येऊ नये, एवढ्यासाठी सगळी जमवाजमव.

तिथल्या माळढोक पक्षी अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी लागते, वेळाही त्यांच्याच पाळायच्या. मी हद्दीबाहेर, मालकाला विचारून त्याच्या रानाच्या बांधावर बसतो. आदल्या संध्याकाळी त्याच्याकडे चहा घ्यावा. कळप कुठून उतरतो, पाडस कुठल्या गवतात दडलंय, हे त्याला बरोबर ठाऊक असतं. उजेड आहे तोवर बाभळीखाली जागा धरा. तिथले खडे, काटक्या, वाळका पाला हातानं बाजूला करा. जवळपास टिटवीची अंडी असतील तर ती जागा सोडा. टिटवी ओरडली की सगळा माळ माना वर करतो.

काळविटाची खरी मदार नजरेवर. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे जराशी हालचालही टिपली जाते. मातकट रंगाचा पूर्ण बाहीचा सदरा घ्या, चेहऱ्याला पंचा गुंडाळा, चकाकणारं घड्याळ घरी ठेवा. पॅन्ट जाड सुतीच हवी, कुसळं टोचायला लागली की माणूस चुळबुळ करतोच. वाराही बघा: चिमूटभर माती सोडली की कळतो. तो कळपाकडून आपल्याकडे यायला हवा.

बॅगेला वेल्क्रो नको. गेल्या माघात माझ्या बॅगेचा कप्पा चर्रकन उघडला. चरत असलेल्या माद्यांनी एकदम माना उचलल्या, एक जागेवरच उंच उसळली आणि तिच्यामागून अख्खा कळप गेला. दुपारपर्यंत परतला नाही. त्यांच्या चरण्याचा एवढा वेळ माझ्यापायी वाया गेला, याचं मला फार वाईट वाटलं.

शिदोरीत ज्वारीची मऊ भाकरी आणि शेंगाचटणी, कापडात बांधून. कडक भाकरी नको, मोडताना वाजते. वेफर्सची पाकिटंही नकोत. बाटलीला ओलं फडकं गुंडाळा, पाणी गार राहतं आणि खडखडतही नाही. लघवीसाठी वेगळी रिकामी बाटली ठेवा. उरलंसुरलं अन्न माळावर टाकू नका, त्याच्या वासानं मोकाट कुत्री येतात आणि ती पाडसांच्या मागे लागतात. फोन सायलेंट, फ्लॅश बंद.

भर दुपारी कळप सावलीला बसून रवंथ करतो. आता काही घडत नाही म्हणून बहुतेक जण याच वेळी उठतात आणि विसाव्याला बसलेली जनावरं उन्हात पळवतात. तेव्हा टेकून डोळे मिटा, पण बसून राहा.

संध्याकाळी कळप दूर सरकल्यावर त्याच्या उलट्या बाजूनं, बॅटरीचा झोत पायांपुरता ठेवून निघा. वाटेत गवतात एकटं पाडस दिसलं तर हात लावू नका, त्याची आई जवळपासच असते.