इन्स्टॉलरमध्ये कम्पोनंट शेअर करताय? मग या चुका टाळा

इन्स्टॉलर बनवणं हे प्रोजेक्टच्या अगदी शेवटी कुणाच्या तरी गळ्यात पडणारं काम. तो बिचारा जुन्या प्रॉडक्टची डब्ल्यूएक्सएस फाइल (इन्स्टॉलरचा सोर्स) उचलतो, नावं बदलतो, बिल्ड झालं की मोकळा. एमएसआय (तयार झालेली इन्स्टॉलर फाइल) इन्स्टॉल होतं, टेस्टर पण खूश. लफडं बाहेर येतं ते अपग्रेड किंवा अनइन्स्टॉल करताना, म्हणजे थेट कस्टमरच्या मशीनवर. तेच तेच प्रकार बघून कंटाळा आलाय म्हणून एकदाचं लिहून टाकतो. विंडोज इन्स्टॉलर (विंडोजमधली एमएसआय बसवणारी-काढणारी यंत्रणा) आणि विक्स (एमएसआय बनवायचं टूल) वापरणाऱ्यांसाठी आहे हे.

एकाच डीएलएलला दोन जीयूआयडी

सगळ्यात महाग चूक हीच: एकाच डीएलएलला (प्रोग्रॅमला लागणाऱ्या कोडच्या फाइलला) दोन जीयूआयडी (लांबलचक ओळख क्रमांक) देणं. आणि ती आळशी माणूस नाही, जरा काळजी घेणारा माणूस करतो. "जीयूआयडी युनिक पाहिजे" एवढं त्यानं कुठेतरी ऐकलेलं असतं, त्यामुळे कॉपी केलेल्या फाइलमधले सगळे जीयूआयडी तो बदलून टाकतो. प्रॉडक्ट कोड आणि अपग्रेड कोड बदलला ते बरोबरच. पण कम्पोनंटचं, म्हणजे एकत्र बसणाऱ्या आणि निघणाऱ्या फायलींच्या घटकाचं, गणित वेगळं आहे. विंडोज इन्स्टॉलर फाइल मोजत नाही, कम्पोनंट मोजतो. एका कम्पोनंट जीयूआयडीचे किती प्रॉडक्ट ग्राहक आहेत याची नोंद तो ठेवतो आणि शेवटचा ग्राहक गेला की फाइल उडवतो. तीच फाइल त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या जीयूआयडीखाली पण बसलीय, हे त्याला दिसतच नाही.

एका कंपनीत यावरून झालेला गोंधळ जवळून पाहिलाय. त्यांची दोन प्रॉडक्ट होती आणि दोघांना लागणारं लायसन्स तपासायचं डीएलएल कॉमन फाइल्स या सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेलं. दोन टीम, दोन इन्स्टॉलर, दोन जीयूआयडी. कस्टमरनं छोटं प्रॉडक्ट काढून टाकलं की मोठं प्रॉडक्ट सुरूच होईना. सपोर्टवाले सांगायचे "रिपेअर करा", रिपेअर केलं की चालायचं, म्हणून तिकीट बंद. खरं कारण कुणी शोधलंच नाही. मग एका उत्साही पोरानं शॉर्टकट काढला, कम्पोनंटला परमनंट लावून टाकलं. आता डीएलएल जाईना हे खरं, पण ते कधीच जाईना, कारण परमनंट लावला की इन्स्टॉलर त्या कम्पोनंटला सगळी शून्यं असलेला एक खोटा प्रॉडक्ट कोड ग्राहक म्हणून चिकटवतो आणि पुढच्या व्हर्जनमध्ये परमनंट काढलात तरी आधीच्या मशीनवरची ती नोंद तशीच राहते.

शेवटी डीएलएल प्रत्येक प्रॉडक्टच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये हलवलं, जागा बदलली म्हणून नवे जीयूआयडी दिले. तेही सरळ गेलं नाही. कुठलंही एक प्रॉडक्ट आधी अपग्रेड केलं की त्याचं जुनं व्हर्जन जाताना कॉमन फाइल्समधलं डीएलएल घेऊन जाणार आणि दुसरं प्रॉडक्ट आडवं होणार. म्हणून दोन्ही अपग्रेड एकाच बर्न बंडलमध्ये (अनेक एमएसआय एकत्र बसवणाऱ्या विक्सच्या सेटअपमध्ये) द्यावे लागले, आणि ज्याच्याकडे जे आहे तेवढंच अपग्रेड होईल अशी कंडिशन घालून.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: हे तुम्हाला सोर्समध्ये शेअर करायचंय की युजरच्या मशीनवर? बहुतेकांना फक्त सोर्समध्ये हवं असतं. मग विक्सलिब (विक्सच्या सोर्सची शेअर करायची लायब्ररी) बनवा, प्रत्येक प्रॉडक्टनं कम्पोनंट ग्रुपचा रेफरन्स द्यावा आणि फाइल आपापल्या फोल्डरमध्ये टाकावी. डिस्कवरची थोडी जागा वाचवण्यासाठी दोन प्रॉडक्टचे पाय एकमेकांत अडकवू नका. मशीनवर खरोखरच शेअर करायचं असेल तर त्या कम्पोनंटचा मालक एक, विक्सलिब एक, जीयूआयडी एक, आणि कुणीही त्याची कॉपी मारायची नाही.

प्रत्येक बिल्डला हीट चालवून नवे जीयूआयडी

हीटला (फोल्डर वाचून विक्सचा सोर्स लिहून देणाऱ्या टूलला) जीजी ऑप्शन दिला की तो जागच्या जागी जीयूआयडी बनवतो. एकदा चालवून फाइल चेक-इन केली तर ठीक, पण लोक ते बिल्ड स्क्रिप्टमध्ये घालतात आणि दर बिल्डला सगळ्या फायलींची ओळख बदलते. बरेच दिवस काही होत नाही, कारण मेजर अपग्रेडमध्ये विक्स डिफॉल्टनं जुनं प्रॉडक्ट आधी काढतो. मग कुणालातरी युजरची कॉन्फिग फाइल वाचवायची असते, तो जुनं काढायची पायरी शेवटी ढकलतो, आणि अपग्रेडनंतर निम्म्या फायली गायब! आधी नवं प्रॉडक्ट बसतं, न बदललेल्या फायली तशाच राहतात, मग जुनं प्रॉडक्ट जाताना जुन्या जीयूआयडीचा शेवटचा ग्राहक म्हणून त्याच फायली पुसतं. शॉर्टकट ॲडव्हर्टाइज्ड (उघडताना इन्स्टॉलरकडून तपासून घेणारा) असेल तर पहिल्यांदा उघडताना इन्स्टॉलरची खिडकी येते आणि फायली परत येतात, त्यामुळे टेस्टिंगमध्ये हे निसटतं.

एजी ऑप्शन वापरा, म्हणजे जीयूआयडीच्या जागी स्टार येतो आणि टार्गेट पाथवरून दर वेळी तोच जीयूआयडी तयार होतो. मी तर शेअर होणाऱ्या फायलींसाठी हीट वापरतच नाही, हातानं लिहितो. वेळ लागतो, लागू दे.

बाकीच्या, थोडक्यात

एका कम्पोनंटमध्ये दहा फायली कोंबू नका. रिपेअरची गरज आहे का हे बघताना इन्स्टॉलर फक्त की-पाथ (कम्पोनंटची मुख्य फाइल) तपासतो, बाकी नऊ गेल्या तरी त्याला पत्ता नाही. एक फाइल, एक कम्पोनंट.

सगळं एकाच फ्रॅगमेंटमध्ये (विक्स सोर्सच्या तुकड्यात) लिहू नका, त्यातल्या एकाही गोष्टीचा रेफरन्स दिला की अख्खं फ्रॅगमेंट एमएसआयमध्ये येतं आणि मग "ही फाइल कुठून आली" विचारत बसता.

मर्ज मॉड्यूल (एमएसआयमध्ये मिसळायचं तयार पॅकेज) नवीन कामासाठी बनवू नका. आतल्या डीएलएलमध्ये सिक्युरिटी फिक्स आला की ते वापरणारा प्रत्येक एमएसआय परत बांधून परत पाठवावा लागतो, शिवाय सगळ्या आयडींना लांबलचक शेपट्या लागल्यामुळे लॉग वाचवत नाही. व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या रनटाइमसाठी तर मायक्रोसॉफ्टच मर्ज मॉड्यूल नको म्हणतं, रीडिस्ट पॅकेज बंडलमध्ये घाला.

आयसीईच्या (एमएसआय तपासणाऱ्या नियमांच्या) वॉर्निंग दाबू नका. आयसीई३० म्हणजे एकच फाइल दोन कम्पोनंटमधून बसतेय. पण तो एकाच पॅकेजच्या आत बघतो, दोन प्रॉडक्टमधली टक्कर त्याला कळणार नाही.

प्रॉडक्ट व्हर्जनचा चौथा आकडा अपग्रेडमध्ये धरलाच जात नाही, तो वाढवून "अपग्रेड का होत नाही" विचारू नका.

आणि फाइल राहिली किंवा गेली तर अंदाज बांधण्याआधी व्हर्बोज (सविस्तर) लॉग काढा. त्यात "डिसअलाउइंग अनइन्स्टॉलेशन" शोधा: कम्पोनंटला दुसरा ग्राहक असल्यामुळे फाइल ठेवली असेल तर ते तिथे जीयूआयडीसकट लिहिलेलं असतं. फाइल हवी असताना गेली आणि तिच्या जीयूआयडीसाठी ही ओळ नाही, तर दोन्ही एमएसआय ऑर्कामध्ये (एमएसआयच्या आतली टेबलं दाखवणाऱ्या टूलमध्ये) उघडून कम्पोनंट टेबल शेजारी शेजारी लावा, वेगळा जीयूआयडी लगेच दिसेल.