एकच क्रियापद धरा, इंग्रजीचे बाराही काळ जमवा

बारा काळांचा तक्ता पाठ असूनही बोलताना अडखळायला होतं. तेव्हा तक्ता जरा बाजूला ठेवा. नियमित क्रियापदाची रूपं चारच असतात. स्वयंपाक करणे या अर्थाचं 'कुक' घ्या: कुक, कुक्स, कुक्ट, कुकिंग. बाकीचं काम सहायक क्रियापदं करतात.

आधी साधे काळ. रोजची गोष्ट असेल तर 'आय कुक', पण 'माय मदर कुक्स'. काल झालेलं असेल तर कर्ता कोणीही असो, 'कुक्ट'. उद्यासाठी 'विल कुक'.

इथेच उच्चार पक्का करा. स्पेलिंगमध्ये ई-डी दिसतात म्हणून बरेच जण 'कुकेड' म्हणतात, तसं नाही. शेवटी क, प, स, श, च असा आवाज असेल तर ट ऐकू येतो: कुक्ट, हेल्प्ट, वॉश्ट. क्लीन, प्ले अशांना ड लागतो: क्लीन्ड, प्लेड. 'इड' येतो तो फक्त ट किंवा ड नंतर: वॉन्टिड, नीडिड. मोठ्याने म्हणा, नुसतं वाचून हे जिभेवर बसत नाही.

आता चालू काळ: ॲम, इज, आर, वॉज, 'वर' किंवा 'विल बी' आणि पुढे कुकिंग. पूर्ण काळ: हॅव, हॅज, हॅड किंवा 'विल हॅव' आणि पुढे कुक्ट. 'यस्टरडे' म्हणायचं असेल तर मात्र हॅव नको, साधं 'आय कुक्ट यस्टरडे'.

चालू पूर्ण काळात हॅव आणि कुकिंग यांच्यामध्ये 'बीन' येतं. मराठी माणूस सर्वात जास्त चुकतो तो इथे. 'ती नऊपासून स्वयंपाक करतेय' हे आपल्याकडे सरळ वर्तमानात बसतं, म्हणून तोंडातून 'शी इज कुकिंग सिन्स नाइन' निघतं. हवं असतं 'शी हॅज बीन कुकिंग सिन्स नाइन'. नऊला सुरू झालेलं काम अजून चालू आहे, एवढं त्या 'हॅज बीन'मध्ये येतं.

साध्या वर्तमान आणि भूतकाळातल्या प्रश्नात आणि नकारात काळ डू, डझ, डिड उचलतात. क्रियापद मूळ रूपात राहतं. 'डिड यू कुक?', 'शी डझन्ट कुक'. 'डिड यू कुक्ट?' ही चूक फार कानावर पडते.

सरावाला आता 'वॉश' घ्या आणि त्याला सगळ्या काळांतून फिरवा. पण साध्या वर्तमानात 'शी'बरोबर ते 'वॉशिझ' होतं.