थंडीत उघड्यावर गॅस वेल्डिंग: नवीन पोरांसाठी

नवीन लागलेल्या पोरांना वाटतं थंडीत बाहेर काम म्हणजे बोटं आखडणार, बाकी सगळं तेच. बोटांचं काहीतरी करता येतं हो, खरं लक्ष ॲसिटिलीनच्या, म्हणजे जळणाऱ्या गॅसच्या सिलेंडरकडे पाहिजे. त्यात गॅस नुसता कोंबलेला नसतो, तो ॲसिटोन नावाच्या द्रवात विरघळलेला असतो आणि त्यातून सुटायला त्याला ऊब लागते, म्हणून रात्रभर गारठ्यात राहिलेला सिलेंडर सकाळी गेजवर कमी प्रेशर दाखवतो आणि सगळे म्हणतात गॅस संपला. संपलेला नसतो, गार पडलेला असतो. अशा वेळी टॉर्चला मोठी टीप (ज्योत निघते ते तोंड) लावून जोरात ओढलं की गॅसबरोबर ॲसिटोनपण वर येतं. तासाला सिलेंडरचा सातवा हिस्सा असा जुना नियम आहे, थंडीत मी दहाव्याच्या वर जात नाही, जास्त गॅस लागणार असेल तर दोन सिलेंडर जोडून घेतो.

आणि प्रेशर पडतंय म्हणून रेग्युलेटर, म्हणजे गॅसचं प्रेशर सेट करायचा नॉब, पिळत सुटू नका! १५ पीएसआयच्या वर ॲसिटिलीनचा भरवसा नाही, हवा किंवा ऑक्सिजन नसतानाही स्फोट होऊ शकतो. रेग्युलेटर गोठला तर कोमट पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं गुंडाळा, टॉर्चची ज्योत फिरवून शेकायचं काम अजिबात नाही, त्या सिलेंडरचा सेफ्टी प्लग १०० डिग्रीच्या आसपासच वितळतो.

थंडीत ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कडक होतो आणि कोणीतरी शहाणा तेलाचा थेंब टाकायला निघतो, त्याचा हात धरा. ऑक्सिजनला तेल-ग्रीस चालतच नाही, पेट घेतं, तेलकट हातमोजेपण नकोत. होज पाईप गारठून ताठ झालेले असतात, ते झटका देऊन उलगडू नका, बारीक चिरा पडतात. लीक बघायला साबणाचं पाणी घ्याल तर ते गोठतं, त्यामुळे थंडीत चालणारं आणि ऑक्सिजनसाठी योग्य असं लिहिलेलं लीक टेस्टचं लिक्विड ठेवा.

आता जॉब, म्हणजे जोडायचा तुकडा. गार पत्र्याला ज्योत लावली की पाणी सुटलेलं दिसतं, पोरं म्हणतात लोखंडातून निघालं, पण ते ज्योतीतच तयार झालेलं पाणी गार धातूवर जमतं. ते आणि दव पूर्ण उडेपर्यंत जॉइंटच्या दोन्ही बाजू रुंद शेकायच्या, हाताला चांगलं कोमट लागलं पाहिजे, मगच रॉड. जाड जॉबला यात वेळ जातो, जाऊ द्या. वाऱ्याला आडोसा करा, नाहीतर ज्योत हलते आणि वितळलेल्या धातूच्या रसाला हवा लागते, पण आडोसा चारी बाजूंनी बंद नको. मधूनमधून ज्योत बघत राहा, ॲसिटिलीन कमी यायला लागलं की न्यूट्रल (दोन्ही गॅस बरोबरीत असलेली) ज्योत आपोआप ऑक्सिडायझिंग, म्हणजे ऑक्सिजन जास्त असलेली होते, आतला कोन आखूड आणि टोकदार होतो, आवाजही बदलतो, लगेच थांबून सेट करा.

बिडाचा (कास्ट आयर्नचा) जॉब असेल तर काम झाल्यावर उघड्यावर सोडून चहाला पळू नका, कोरड्या गरम वाळूत किंवा हीट ब्लँकेटमध्ये गाडून ठेवा, पूर्ण गार होईपर्यंत.