दोरी बदलायला निघण्याआधी

एमआरआयमध्ये 'एसीएल पूर्ण तुटली' (एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारी दोरी, लिगामेंट) असं आलं म्हणून दुसऱ्याच दिवशी ऑपरेशनला जळगाव गाठायचं नसतं. आधी सूज उतरू द्या, गुडघा पूर्ण सरळ होऊ द्या. आखडलेल्या गुडघ्यावर घाईने ऑपरेशन केलं तर तो पुढेही आखडलेला राहण्याची भीती असते. (गादी, म्हणजे दोन हाडांमधली कूर्चेची चकती, अडकून गुडघा लॉकच झाला असेल तर मात्र थांबू नका.) तोवर मांडी आवळणं, सरळ पाय उचलणं, टाच मागे सरकवणं चालू ठेवा. मालिशवाल्याकडे जाऊ नका. गुडघ्यावर लेप लावू नका, घरी केसही काढू नका. कातडीला ओरखडा असला तर तारीख पुढे जाते.

प्रश्न कागदावर लिहून न्या, ओपीडीत माणूस विसरतो. मुख्य प्रश्न एकच: नवी दोरी कुठून घेणार? बहुतेक वेळा तुटलेली दोरी शिवून भागत नाही. तुमचीच दुसरी दोरी काढून, मांडीच्या आणि नडगीच्या हाडात दुर्बिणीने बोगदे पाडून, ती बटन किंवा स्क्रूने बसवतात. मांडीमागची हॅमस्ट्रिंग घेतात, वाटीखालची पट्टी हाडाच्या तुकड्यांसह घेतात, वाटीवरची क्वाड्रिसेप्स किंवा घोट्याजवळची पेरोनियसही चालते. वाटीखालून घेतली तर पुढे गुडघे टेकताना दुखू शकतं. निंदणीला गुडघ्यावर बसणाऱ्या बाईने, नमाज पढणाऱ्याने हे आधीच सांगावं. कबड्डीवाल्याचं गणित निराळं, त्यानेही आपला खेळ सांगावा. हॅमस्ट्रिंग ८ मिलिमीटरपेक्षा बारीक निघाली तर काय करणार, हेही विचारा. आणि गादी शिवावी लागली तर पायावर भार कधी टाकायचा?

शुगर, बीपी, रक्त पातळ करायची गोळी, सगळं सांगा. तंबाखूची पुडीसुद्धा लपवू नका, आणि ती आजच सोडा. आधार, रेशन कार्ड घेऊन आरोग्यमित्राला (दवाखान्यात बसणारा सरकारी आरोग्य योजनेचा मदतनीस) भेटा, हे ऑपरेशन योजनेत बसतं का ते तिथेच कळेल. आदल्या रात्री शेवभाजी नको. भूल देण्याआधी किमान ६ तास पोट रिकामं लागतं.

घरी कुबड्या आणि कमोडची खुर्ची आधी आणा. झोळ पडलेल्या बाजेवरून उठता येत नाही, पलंग बघा. कापूस वेचणीच्या तोंडावर तारीख घेऊ नका. मैदानावर ९ महिन्यांच्या आत उतरू नका, गुडघा दुखत नसला तरी. आत बसवलेली दोरी मुरायला वेळ घेते. फिजिओथेरपी तालुक्यालाच मिळते का ते आताच शोधून ठेवा, कारण कुबड्या घेऊन दर खेपेला धुळ्याची एसटी पकडणं महिनाभरातच सुटतं.