कोकणातल्या मळ्यात रंगीत पाणलावा कसा शोधायचा आणि कसा मोजायचा

रंगीत पाणलावा हा पक्षी आपल्या मळ्यात, व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला असतो, पण दिवसभर लव्हाळ्यात दडून बसतो आणि तिन्हीसांज झाली की चरायला बाहेर पडतो, त्यामुळे जन्म गावात गेलेल्यांनीही तो बघितलेला नसतो. शोधायचा असेल तर आधी जागा नीट निवडा. पुळणीवर जाऊ नका, याला बहुतेक करून गोड्या पाण्याची दलदल लागते, म्हणजे पावसाळ्यानंतर लावतात त्या वायंगणी भाताच्या कडेचा चिखल, तळ्याचा उथळ भाग, खारभूमीच्या बांधाआत पावसाचं पाणी साचतं तो तुकडा. उघडा चिखल आणि त्याला लागूनच लपायला गवत, दोन्ही पाहिजे, नुसतं पाणी किंवा नुसतं गवत असून भागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये बाकी सगळं सुकत जातं तेव्हा उरलेली ओली जागा हेरून ठेवा.

सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी पोचा आणि बांधावरच उभे रहा. शेत ज्याचं असेल त्याला आधी सांगा, "काका, जरा बांधावर थांबू का, पक्षी बघायचाय", कोणी नाही म्हणत नाही, उलट कुठे काय उडतं ते तेच सांगतात. पायात गमबूट घाला, गवतात घोणस असू शकते. चिखलात मात्र उतरू नका, कारण हा पक्षी लवकर उठतच नाही, माणूस अगदी पायाशी येईपर्यंत दबून बसतो. उठलाच तर जड उडतो, पंख रुंद, पाय खाली लोंबलेले, आणि थोड्याच अंतरावर परत गवतात पडतो. हिवाळ्यात येणारा साधा पाणलावा कर्कश ओरडत वेडावाकडा उडत जातो, त्यामुळे दोघांत गोंधळ व्हायचं कारण नाही. रंगीत पाणलाव्याची चोच टोकाला किंचित खाली वाकलेली असते आणि छातीच्या बाजूने खांद्याकडे पांढरा पट्टा चढलेला दिसतो, तो पट्टा बघून घ्या. चालताना मागचा भाग वरखाली हलवतो तेही लगेच कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. यात रंगीत असते ती मादी! मान गडद तांबडी, डोळ्याभोवती ठळक पांढरा रंग, अंगाने पण मोठी. नर फिका, पंखांवर सोनेरी-पिवळट ठिपके, डोळ्याभोवती पिवळसर. मादी साधारण ४ अंडी घालते आणि बऱ्याचदा दुसऱ्या नराकडे जाते, अंडी उबवणं आणि पिल्लं फिरवणं सगळं नर एकटा करतो. म्हणजे फिका पक्षी पिल्लं घेऊन चाललाय तर तो बाप आहे, "मादी आणि पिल्लं" असं लिहून टाकू नका. आणखी एक, लहान वयाच्या माद्या पण नरासारख्याच फिक्या दिसतात, म्हणून पिल्लं सोबत नसतील तर सरळ "फिका पक्षी" एवढंच लिहा.

आवाज पण मादीच देते, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा घुमणारा ऊक्... ऊक्..., अंधार पडताना आणि रात्री. आवाज आला की वेळ आणि दिशा टिपा, मोबाईलवर रेकॉर्डिंग करा, पण स्वतः आवाज वाजवून बोलावू नका, तिला उगाच त्रास होतो. मोजणीत इथेच लोक फसतात. इतर पक्ष्यांचं आपण एक आवाज म्हणजे एक जोडी धरतो, इथे एका मादीचे एकापेक्षा जास्त नर असू शकतात, तेव्हा ऐकलेल्या माद्या वेगळ्या, दिसलेले पिल्लंवाले नर वेगळे, दोन्हींची बेरीज करून जोड्या काढू नका. काही ऐकू आलं नाही तरी ई-बर्डवर (पक्षीनोंदींची वेबसाइट आणि ॲप) तासाभराची पूर्ण चेकलिस्ट, म्हणजे त्या वेळात ओळखलेल्या सगळ्या पक्ष्यांची यादी, टाका, पाणलावा नसलेली संध्याकाळ पण तितकीच कामाची.

घरटं जमिनीवरच असतं, पाण्याजवळ गवतात चपटी बैठक. फिका पक्षी पंख पसरून फिस्कारत समोर उभा राहिला तर जवळपास अंडी किंवा पिल्लं असणार असं समजा आणि आल्या वाटेने मागे फिरा. फोटो नकोच, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकेशन तर अजिबात टाकू नका. अंडी उचलणं किंवा पक्षी पकडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, गावातल्या पोरांना हे प्रेमाने सांगून ठेवा.

जगभराच्या यादीत हा पक्षी आज धोक्यात धरला जात नाही, आफ्रिकेपासून जपानपर्यंत पसरलाय, पण एकूण संख्या घटतेय आणि कारण सरळ आहे, ओली जमीन जातेय. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम आहेत, पण त्यात भातशेती धरलेलीच नाही, आणि आपल्याकडे तर हा पक्षी भाताच्या कडेनेच राहतो. मला याची खरंच काळजी वाटते. म्हणून चेकलिस्टच्या कॉमेंटमध्ये जमिनीचंही लिहा: वायंगण लावलंय की मळा पडीक आहे, पाणी घोट्याएवढं की नुसती ओल, बाजूला मातीचा भराव पडतोय का, आणि पडत असेल तर तारखेसकट बांधावरून एक फोटो.