कुणी अत्याचाराबद्दल सांगितलं, तर…

जोडीदाराची मारहाण किंवा लैंगिक अत्याचार याबद्दल सांगणारी व्यक्ती बहुतेकदा आधी चाचपून पाहते. ‘घरी जरा वाजलं’ इतकंच म्हणते, किंवा स्वतःचीच गोष्ट ‘माझ्या एका मैत्रिणीची’ म्हणून सांगते. तेव्हा तुम्ही विषय बदललात, तर ती पुन्हा बोलेलच असं नाही. हातातलं काम बाजूला ठेवा आणि विचारा, “इथे बोललेलं कुणाला ऐकू जाईल का?” (व्यक्ती म्हटलं की ‘ती’ येतंच, पण सांगणारा पुरुषही असू शकतो. त्याला हसण्यावारी नेणं हा नेहमीचा अन्याय.)

सुरुवातीला एवढं पुरे: “माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी चूक नाही. आत्ता तुला काय हवंय?” मग गप्प बसा. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न गिळा. ‘ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न नसतो, आरोप असतो. भीतीने शरीर गोठतं, आवाज फुटत नाही. आठवणी तुकड्यातुकड्यांनी येतात, क्रम चुकतो. म्हणून ती खोटं बोलतेय असं होत नाही. सांगताना ती हसली किंवा कोरडेपणाने बोलली, तरी तेच.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो संतापाने. ‘त्याला बघतोच’ म्हटलंत की तिलाच तुम्हाला शांत करत बसावं लागतं, आणि जाब विचारलात तर त्याचा वचपा घरी तिच्यावर निघतो. दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवणंही तसंच धोक्याचं. त्याच्यासमोर ती खरं बोलूच शकत नाही.

‘सोडून दे त्याला’ असा हुकूमही नको. सोडून जाण्याचा काळच अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो. मारहाण वाढतेय का, शस्त्र आहे का, जिवे मारायची धमकी दिलीय का, हे हळूच विचारा. आणि गळा दाबला होता का, हे जरूर विचारा. मानेवर एकही वळ नसला तरी आत इजा असू शकते. आवाज बसणं, गिळताना त्रास, चक्कर यातलं काहीही असेल, तर लगेच हॉस्पिटल. लक्षणं नसली तरी त्याच दिवशी तपासणी करून घेतलेली बरी.

बलात्कार नुकताच झाला असेल, तर घड्याळ महत्त्वाचं. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं. ती २८ दिवस घ्यायची असतात. गर्भधारणा टाळणारी तातडीची गोळी ५ दिवसांपर्यंत घेता येते, पण उशीर होईल तसा तिचा उपयोग घटतो. पुरावा राखायचा असेल तर अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. ते कागदी पिशवीत ठेवावेत, कारण प्लास्टिकमध्ये ओल धरून बुरशी येते. अंघोळ झाली असेल तरी हॉस्पिटलमध्ये जायला हरकत नाही, आणि त्यावरून बोलणी तर नकोतच. पोलिसांना कळवण्याचं बंधन हॉस्पिटलवर असू शकतं. नाव न सांगता फोनवर आधी विचारून घ्या आणि तिला सांगा. जायचं की नाही, हे ती ठरवेल.

ती त्याच घरात परतणार असेल, तर फोनचा विचार करा. लोकेशन चालू असेल, पासवर्ड त्याला माहीत असेल. ‘काल बोललीस त्याबद्दल’ असा मेसेज चुकूनही पाठवू नका. एक खुणेचा शब्द ठरवा: तो शब्द आला की काय करायचं, पोलिसांना बोलवायचं की नुसतं दारात येऊन उभं राहायचं, हेही तिनेच ठरवायचं. कागदपत्रांच्या प्रती, औषधं, जादा किल्ली आणि थोडी रोकड तुमच्याकडे ठेवता येईल.

तिच्या परवानगीशिवाय हे कुणालाही सांगू नका, अगदी घरातही. सांगणारं मूल असेल, तर मात्र ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. त्याच्या सुरक्षिततेसाठी कुणाला सांगावं लागेल, ते त्याला आधी समजावा.

दोन-तीन दिवसांनी साधाच मेसेज करा: “फिरायला येतेस का?” ती त्याच्याकडे परत गेली असली, तरीही करा.